दुखायचं थांबलं की सांगा

हिमालयात हिवाळी ट्रेक नेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या समस्त आयोजक मंडळींना,



मी साताऱ्यात एका बँकेत काउंटरवर बसते. तुमच्यापैकी एकाच्या जुन्या यादीत माझं नाव सापडेल. नाव, वय, वजन, रक्तगट, बुटाचा नंबर, घरच्यांचा फोन, दमा आहे का, बीपी आहे का, एवढं सगळं फॉर्ममध्ये विचारलं होतं आणि मी ते इमानेइतबारे भरलं होतं. पायात जोडवी आहेत का, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नाही. चौदा वर्षं बोटात असलेली वस्तू अंगावर आहे हे कुठे लक्षात राहतं?

ट्रेकहून परत आले तेव्हा उजव्या पायाचं दुसरं बोट काळं पडायला लागलं होतं आणि तिसऱ्याचा शेंडा जांभळा झाला होता. जोडवं दवाखान्यात कापून काढावं लागलं. बोट इतकं सुजलं होतं की चांदी मांसात रुतून बसली होती. अडीच महिन्यांनी दुसरं बोट अर्ध्यावर कापलं, तिसऱ्याचा नखासकट शेंडा गेला. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, "आता जोडवं कुठं घालणार?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. माणसाला जे दिसतं त्याचंच तो विचारतो.

हे पत्र भरपाई मागायला लिहिलेलं नाही. ज्यांच्याबरोबर गेले त्यांचं नावही घेणार नाही. एकदा नाव घेतलं की बाकीचे सगळे 'आपण नाही बुवा त्यातले' म्हणून सुटतील. इतकी वर्षं गप्प होते, कारण चूक माझीही होती आणि झाल्या गोष्टीचं रडगाणं गायचा मला कंटाळा. पण यंदा माझ्या भाचीने केदारकंठ्याचा फॉर्म भरला आणि तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली सामानाची यादी तिने मला कौतुकाने दाखवली. माझ्या वेळची तीच यादी. कंपनी वेगळी, लोगो वेगळा, यादी तीच. 'चांगले ट्रेकिंग शूज. मोजे चार जोड. हातमोजे. थर्मल. टोपी. गॉगल.' म्हणून लिहायला बसले.

आधी तुमच्या जाहिरातीबद्दल बोलते. 'अनुभवाची गरज नाही', 'पहिला हिमालयन ट्रेक', 'बर्फात खेळा'. शेजारी एका मुलीचा फोटो, ती उघड्या हातांनी बर्फ उधळते आहे. केदारकंठा साडेबारा हजार फुटांचा आहे, वाट सोपी आहे, म्हातारीकोतारीही चढून येतात, हे सगळं खरं. पण वाट सोपी म्हणून थंडीही सोपी, असं तुम्ही लिहीत नसलात तरी आम्ही वाचतो. आमचा थंडीशी परिचय किती? दर डिसेंबरात पेपरात बातमी येते, 'वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले'. आम्ही पहाटे गाडी काढून महाबळेश्वर गाठतो, टपावरचा पांढरा थर नखाने खरवडतो, फोटो काढतो आणि मक्याचं पॅटिस खाऊन दहाला घरी. राजगड, तोरणा, वासोटा मी केले होते. हरिश्चंद्रगडावर जानेवारीत रात्रभर कुडकुडले होते. त्या जोरावर मी स्वतःला थंडीची माणूस समजत होते. सह्याद्रीत थंडी सोसायची असते, सोसली की सूर्य उगवतो आणि संपतं. तीच सवय घेऊन आम्ही वर येतो, आणि ती तिथे घातक ठरते.

बोट गोठतं कसं, म्हणजे हिमदंश कसा होतो, हे मी नंतर डॉक्टरांकडून समजून घेतलं. तुमच्या कुठल्याही ब्रीफिंगमध्ये मी ते ऐकलेलं नाही, म्हणून इथे सांगते. आमच्या माण-खटावात दुष्काळात टाकीचं पाणी कमी झालं की ग्रामपंचायत आधी लांबच्या वाड्या-वस्त्यांचा व्हॉल्व्ह बंद करते आणि गावठाणाचा नळ चालू ठेवते. शरीरही हेच करतं. काळीज, फुप्फुसं, मेंदू हे गावठाण. हातापायांची बोटं, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या या वस्त्या. गार पडू लागलं की बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात. सुरुवातीला मधूनमधून व्हॉल्व्ह थोडा उघडतो, बोटांना ऊब मिळते. पण अंगच गार पडायला लागलं, पोटात काही नसलं, पाणी कमी प्यालेलं असलं, की तेही बंद होतं. मग बोट बाहेरच्या हवेसारखं गार होत जातं. शून्याच्या खाली उतरलं की पेशींभोवतीच्या पाण्यात बर्फाचे कण धरतात आणि पेशींमधलं पाणी ओढून घेतात. अर्धं नुकसान इथे होतं. उरलेलं अर्धं वितळताना होतं, कारण रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब झालेलं असतं. रक्त परत येतं, तिथेच गुठळ्या होतात आणि ते पुन्हा थांबतं.

यातली एक गोष्ट तुमच्या प्रत्येक लीडरने पाठ करावी असं मला वाटतं. कातडीचं तापमान दहा अंशांच्या आसपास आलं की स्पर्श कळेनासा होतो. मांस गोठायला त्याच्याही बरंच खाली, शून्याच्या पलीकडे जावं लागतं. म्हणजे बोट बधिर होणं आणि बोट गोठणं यांच्यामध्ये वेळ असतो. कधी दहा मिनिटं, कधी तास. बोट वाचवायचा तोच वेळ. आणि नेमका त्याच वेळात त्या माणसाला बरं वाटत असतं.

माझी पहाट सांगते. आदल्या दिवशी चालताना बुटात बर्फ शिरला होता, मोजे ओले झाले होते. रात्री ते तंबूत दोरीवर टाकले. सकाळी ते पापडासारखे कडक. मग उरलेले दोन सुती जोड एकावर एक चढवले. भाड्याचे बूट होते, माझ्याच नंबरचे, पण दोन मोज्यांवर पाय जाईना. गाइडच्या हाताखालच्या पोराने टाचेवर थाप मारून बसवला. वरून, बर्फात घसरू नये म्हणून लावायच्या मायक्रोस्पाइकचं रबर. बुटात बोट हलवायलाही जागा उरली नव्हती आणि मला वाटत होतं, किती छान घट्ट बसलाय. सुती मोजा ओल धरतो, घट्ट बूट रक्त अडवतो, आणि बोटाभोवती धातूचं कडं असेल तर सूज आल्यावर तेच फास होतं. या तिन्ही गोष्टी त्या पहाटे माझ्या पायात होत्या. तिन्ही तुमच्या यादीत नव्हत्या.

अडीचला निघालो. डोक्यावरच्या टॉर्चची रांग वरपर्यंत दिसत होती, पंढरीच्या वाटेवर दिसावी तशी. फक्त आमची बॅच नव्हती, त्या पहाटे निदान पाच-सहा कंपन्यांच्या बॅचेस एकाच सोंडेवर होत्या, कारण सगळ्यांनाच शिखरावरून सूर्योदय हवा होता. शेवटच्या चढावर रांग तुंबली. पुढे कुणीतरी घसरलं, मागे आम्ही उभे. चालत होतो तोवर अंगात ऊब होती, उभं राहिल्यावर वारा लागला. वारा ताशी तीस किलोमीटर असेल तर उणे १० अंशांची हवा उघड्या कातडीला उणे २० सारखी भिडते, हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच कळत होतं की पायाची बोटं कुणीतरी पकडीत धरून पिळतंय. मग मुंग्या आल्या. मग पाचच्या सुमारास सगळं थांबलं. बोटं गप्प झाली. मी मनात म्हटलं, चला, सवय झाली एकदाची.

गाइड रांगेच्या कडेने वर-खाली करत विचारत होता, "सब ठीक?" आणि आम्ही वीस जण एका सुरात, "ठीक!" शाळेत 'समजलं का' विचारल्यावर वर्ग म्हणतो तसं. माझ्यामागच्या दोघांनी तेवढ्यात सिगारेट पेटवली. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढची एक मुलगी व्हिडिओसाठी हातमोजे काढून उभी होती. तिच्या बोटांना काही झालं नाही, देवाची कृपा. सहाला शिखर. तिथे आम्ही पस्तीस मिनिटं होतो. झेंडा, 'छत्रपती शिवाजी महाराज की जय', ग्रुप फोटो, एकेकट्याचा फोटो, पुन्हा ग्रुप फोटो. त्या फोटोत मी हसते आहे. पायातलं बोट बहुधा तेव्हा गोठून लाकूड झालेलं होतं.

मी का बोलले नाही? लाज. एक्केचाळिसाव्या वर्षी बावीस-पंचवीसच्या पोरांबरोबर आलेली बाई, आधीच सगळ्यांत मागे. माझ्यामुळे बॅच थांबली असती. आणि तुमच्याकडे ते प्रमाणपत्र असतं ना, समिट केलेल्यांना वेगळं, न केलेल्यांना साधं. साताऱ्याला बँकेत मी सांगून आले होते.

आता जरा लांबची गोष्ट. ३ जून १९५० रोजी मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या शिखरावर पोहोचले. आठ हजार मीटरवरचं मानवाने चढलेलं ते पहिलं शिखर, उंची ८,०९१ मीटर. उतरताना एर्झोगचे हातमोजे निसटून उतारावरून गडगडत गेले. पिशवीत जादा मोजे होते, ते हातात चढवता आले असते, पण त्या गारठ्यात आणि त्या उंचीवर डोक्याला ते सुचलंच नाही. पुढे दोघांचीही पायाची सगळी बोटं गेली, एर्झोगची हाताचीही बहुतेक गेली. परतीच्या वाटेवर, भारतातल्या रेल्वेच्या डब्यातसुद्धा, मोहिमेचे डॉक्टर झाक ऊदो बोटं कापत होते. एर्झोगने त्यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर खपलं, आणि तेव्हापासून शिखर म्हटलं की बोटांची आहुती आलीच, असं एक तेजोवलय या प्रकाराला चिकटलं. आपल्याकडच्या सत्कारसमारंभांतही ते ऐकू येतं.

मला या गोष्टीतला तिसरा माणूस महत्त्वाचा वाटतो. आदल्या दिवशी शेवटच्या तळावर एर्झोगने शेर्पांचा सरदार अंग थार्के याला विचारलं होतं, उद्या आमच्याबरोबर शिखरावर येतोस का? कुठल्याही गिर्यारोहकाने आयुष्यभर ज्याची वाट पाहावी असं आमंत्रण. अंग थार्के नम्रपणे म्हणाला, माझे पाय गार पडायला लागलेत, मी खाली जातो. आणि गेला. त्या वेळी जगातल्या सर्वांत अनुभवी शेर्पांपैकी तो एक होता. त्याला काय कळत होतं, ते तुमच्या ब्रीफिंगमध्ये पाच मिनिटांत सांगता येईल. पाहिजे तर माझा फोटोही दाखवा, पायाचा. पण अंग थार्केचं नाव आधी सांगा.

आणि लाशनाल? तो शामोनीचा गाइड होता. पाय गेले तर पोट गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने वाटेत एर्झोगला विचारलंही, मी परत फिरलो तर तू काय करशील? एर्झोग म्हणाला, एकटा जाईन. मग लाशनाल त्याच्याबरोबर गेला. लाशनालची आठवण आली की मला तो बुटावर थाप मारणारा पोरगा दिसतो. असेल एकोणीसचा. पायात कॅनव्हासचे बूट, मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तोंडाशी रबर लावलेलं. आम्ही तीन थरांचं जॅकेट घालून त्याच्या पाठीवर आमच्या बॅगा दिल्या होत्या. आमच्या पैशांत त्याचे बूट का बसत नाहीत? विमा उतरवता तो आमचा, त्याचा उतरवता का? हे मी रागाने विचारत नाही, हिशोब विचारते. बँकेत आहे, हिशोब विचारायची सवय आहे.

तळावर परत आले, बूट काढला, तेव्हा दोन बोटं मेणासारखी पांढरी होती, टिचकी मारली तर टकटक वाजेल अशी कडक. दुखत अजिबात नव्हतं. आता तुमच्या लोकांनी काय केलं ते वाचा. आधी बर्फ घेऊन बोटं चोळली. मग स्वयंपाकाच्या तंबूत नेऊन स्टोव्हच्या आचेवर पाय धरायला लावला. एकाने रमचा घोट पुढे केला. सगळ्यांच्या मनात माया होती. त्या पोराने माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता, हे मी विसरणार नाही. पण बर्फाने चोळणं हे औषध दोनशे वर्षं जुनं आहे. १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने मॉस्कोहून माघार घेतली तेव्हा त्याचा शल्यवैद्य लॅरी याने पाहिलं की गोठलेले पाय शेकोटीत घालणाऱ्या सैनिकांचे पाय भाजून सडतात. त्यावर त्याने बर्फाने चोळायचा उपाय सांगितला. शेकोटीबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं. बर्फाबद्दल चुकलं, आणि ती चूक दीडशे वर्षं चालली. अलास्कातल्या विल्यम मिल्स या डॉक्टरांनी १९६० च्या सुमारास कोमट पाण्यात झटपट गरम करण्याचा उपाय सिद्ध करून दाखवला, तेव्हा कुठे ती मोडीत निघाली. माझ्या तंबूत मात्र लॅरीचं निम्मं ज्ञान आणि लॅरीने निषिद्ध ठरवलेली आच, दोन्ही एकदम झालं. बधिर पायाला चटका कळत नाही. बोटांखाली भाजल्याचा डाग आजही आहे.

करायचं काय असतं? पाणी ३७ ते ३९ अंश. थर्मामीटर नसला तर आजी बाळाच्या आंघोळीचं पाणी जशी कोपर बुडवून बघते, तसं बघायचं. सोसतं, पण चटका बसत नाही, इतकंच गरम. त्यात पाय मोकळा सोडायचा, घमेल्याच्या तळाला-काठाला टेकू द्यायचा नाही, पाणी निवलं की नवं घालायचं, अर्धा तास तरी. चोळायचं नाही. वितळताना जीव जातो इतकं दुखतं, म्हणून डॉक्टरांनी मना केलं नसेल तर आयबुप्रोफेन आधीच द्यायचं. बोटं मऊ, लालसर-जांभळी झाली की टिपून कोरडी करायची, बोटांमध्ये सैल कापड ठेवायचं, फोड फोडायचे नाहीत. अंगठ्या-जोडवी सुजायच्या आधी काढायची. हे सगळं पातेलं आणि स्टोव्ह यांवर होतं, आणि ते दोन्ही तुमच्याकडे असतंच.

पण त्याआधी एक प्रश्न. पाय एकदा वितळवला की तो पुन्हा गोठणार नाही, याची खात्री आहे का? आणि वितळवल्यावर त्या माणसाला उचलून न्यायची सोय आहे का? नसेल तर वितळवू नका. गोठलेल्या पायावर माणूस चालून खाली येऊ शकतो, वितळलेल्यावर चालला तर मांस चिरडतं, आणि ते पुन्हा गोठलं तर पहिल्यापेक्षा जास्त जातं. मला स्टोव्हवर वितळवून, त्याच ओल्या बुटात पाय घालून, दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या सांक्री गावापर्यंत चालवलं. 'दीदी स्ट्राँग है' म्हणत.

सांक्रीला पोहोचले तेव्हा फोड आले होते, आतलं पाणी लालभडक. स्वच्छ पाण्याचा फोड बरा, रक्ताचा फोड म्हणजे इजा खोल, हे मला पुण्यात कळलं. सांक्री ते देहरादून दोनेकशे किलोमीटर, डोंगरातला दिवसभराचा रस्ता. तिथे दवाखान्यात जा, असं कुणी म्हणालं नाही. ठरल्याप्रमाणे गाडी पकडली, दिल्ली, मग पुणे. साताऱ्यात पहिल्या डॉक्टरांसमोर बसले तेव्हा चौथा दिवस होता. रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या विरघळवणारी औषधं वितळल्यापासून साधारण चोवीस तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी. इलोप्रोस्ट नावाचं औषध आहे, तीव्र हिमदंशात बोट कापावं लागण्याची शक्यता कमी करण्यासाठी अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तेही साधारण बहात्तर तासांच्या आत सुरू करायचं असतं. म्हणजे जो उपचार शक्य असतो, त्याचा सगळा वेळ तुमच्या ताब्यात असतो. आमचा परतीचा आरक्षणाचा कागद आणि हे घड्याळ यांचं जमत नाही. तुमच्याकडे प्रत्येक ट्रेकसाठी अशा माणसाला कुठे, कुठल्या वाहनाने, कुठल्या शहरातल्या कुठल्या विभागात न्यायचं, हे आधी लिहून ठेवलेलं असावं, एवढंच मागते.

जाताजाता आपल्याकडच्या डॉक्टरांनाही एक शब्द. साताऱ्यात पहिल्यांदा दाखवलं तिथे दुसऱ्याच दिवशी दोन्ही बोटं मुळापासून काढायचं ठरत होतं. त्यांचीही चूक नाही, उसाच्या पट्ट्यात हिमदंश कोण बघतो? मधुमेहाचं काळं बोट ते रोज बघतात आणि तिथे थांबलं तर पाय जातो. पण हिमदंशाचं गणित उलटं आहे. जंतुसंसर्ग होत नसेल तर थांबायचं, आठवडेच्या आठवडे. काळं झालेलं वाळत जातं, जिवंत आणि मेलेलं यांच्यात आपोआप रेघ पडते, आणि पुष्कळदा वाटलं होतं त्यापेक्षा कमी जातं. पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी तसं थांबवलं म्हणून माझं दीड बोट वाचलं. त्या अडीच महिन्यांत माझं बोट खारकेसारखं सुकत गेलं. त्याला वास नव्हता, वेदनाही नव्हती. रात्री पांघरूण लागू नये म्हणून पायाशी मुलीच्या खेळण्यांचं खोकं उपडं घालून झोपत असे. तिने त्यावर खडूने 'आईचा पाय' असं लिहिलं होतं.

हे फक्त डिसेंबर-जानेवारीचं नाही, तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल आमचे उन्हाळी ट्रेक सुरक्षित आहेत. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या गटातले नऊ जण वादळात थंडीने गेले. जूनमध्ये. आणि उलट उदाहरणही आहे. लडाखात चादर ट्रेकला जाणाऱ्यांना लेहमध्ये तीन दिवस थांबवून, वैद्यकीय तपासणी करून मगच गोठलेल्या झंस्कार नदीवर सोडतात. सुरुवातीला त्यावरही कुरकुर झाली असेलच, दिवस वाढतात, खर्च वाढतो. तरीही लोक जायचे थांबले नाहीत.

मला तुमच्याकडून पाहिजे ते फार नाही. यादीत 'चांगले शूज' ऐवजी लिहा: जाड लोकरीच्या मोज्यावर बोटं मोकळी हलतील एवढा मोठा बूट, सुती मोजे नकोत, शिखराच्या पहाटेसाठी मोज्यांचा एक जोड पिशवीत बांधून कोरडा ठेवा. पातळ हातमोज्यावर चार बोटं एकत्र राहणारा जाड मोजा घाला, आणि तो दोरीने मनगटाला बांधा, म्हणजे एर्झोगसारखा गडगडत जायचा नाही. सूर्योदयाचा हट्ट सोडा. दोन तास उशिरा निघालं तर फोटोत सूर्य थोडा वर येतो, इतकंच. निघताना 'सब ठीक?' असं रांगेला विचारू नका. एकेकाला नावाने विचारा, बोटं हलवून दाखवायला लावा, आणि विचारा की स्पर्श कळतोय का. 'दुखतंय का' हा प्रश्न चुकीचा आहे. दुखतंय तोवर बोट जिवंत आहे. दुखायचं थांबलं तर सांगा, असं त्यांना आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवा. ज्याचं थांबलं त्याला तिथेच आडोशाला बसवा, बूट काढा, त्याचा पाय दुसऱ्याच्या जॅकेटखाली पोटाला लावा. बोटं बधिर असली तरी मऊ असतील तर तेवढ्यानेही परत येतात, आणि नाही आली तर खाली उतरा. सोबत एक गाइड द्या. आणि ते प्रमाणपत्र, ते एकतर सगळ्यांना सारखं द्या किंवा कुणालाच देऊ नका.

एक वही ठेवा. कुठल्या बॅचमध्ये कुणाची बोटं बधिर झाली, कुणाला फोड आले, किती वाजता, कुठल्या उंचीवर, कसले मोजे होते. वर्षअखेरीला ती सगळ्या कंपन्यांनी एकमेकांना दाखवा. माझी घटना तुमच्यापैकी कुणाच्याच वहीत नाही. तिथे मी 'समिट यशस्वी' आहे, आणि मी पाठवलेल्या अभिप्रायातली फक्त पहिली ओळ, 'दृश्य अविस्मरणीय', तुमच्या पानावर दोन वर्षं होती.

भाची २६ डिसेंबरला निघते आहे. तिने विचारलं, मावशी, जाऊ ना? मी म्हटलं, जा. केदारकंठ्यावरून स्वर्गारोहिणी शिखरावर ऊन पडताना मी पाहिलंय, ते तिने पाहू नये असं मी का सांगू? तिला लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड घेऊन दिलेत, बूट एक नंबर मोठा घ्यायला लावलाय, आणि माझा उजवा पाय नीट जवळून दाखवलाय. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, अजून दुखतं का? थंडीत दुखतं. दिवाळीत पहाटे फरशीवर पाय ठेवला की त्या अर्ध्या बोटातून कळ निघते. मला ती आवडते असं नाही, पण ती येते तेव्हा मला बरं वाटतं.

पत्राला उत्तर नको. नवी यादी पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपल्या एका जुन्या बॅचमधली,
सातारा

ता. क. – यादीच्या शेवटी 'जोडवी, अंगठ्या, घट्ट बांगड्या घरी ठेवून या' एवढी ओळ घालायची राहू नये. घरातल्या मोठ्या माणसांनी हरकत घेतली तर माझा नंबर द्या, सासूबाई बोलतील.